दाबून धरायचा नळ

जगात आजवर जेवढी माणसं बागेत फिरायला गेली असतील, त्यांत एकाही फुलाकडे न बघता सगळी बाग पाहून येणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात. माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा. आमच्या वऱ्हाडात त्याला मावसाजी म्हणतात. मी तेव्हा छत्तीसगडाकडच्या एका पोलादाच्या कारखान्यात फिटर होतो. कारखान्यासाठी माळरानावर कागदावर आखून बसवलेलं ते नवं कोरं शहर. सरळसोट रस्ते, वस्तीचे पाडलेले चौकोन, त्यांना सेक्टर म्हणायचे, सेक्टरागणिक एक बाग आणि धरणाचं पाणी घेऊन मधून गेलेला एक पक्का बांधलेला कालवा. माझ्याकडे येणारा पाहुणा आधी कारखाना दाखव म्हणायचा. मावसाजींनी धुराड्याकडे मान वर करून एकदा पाहिलं, "धूर हाये," एवढं म्हणाले आणि मला विचारलं, "बागा कोनीकडं हायेत?"

बागेत जायची त्यांची तयारी कोर्टात तारखेला निघाल्यासारखी असे. धुतलेलं धोतर, हातात छत्री आणि अंगात काळा कोट. कोट ते शिपाई होते त्या मंगरूळपीरच्या कचेरीतल्या कोण्या साहेबाने बदली होताना दिलेला, त्यामुळे बाह्या थेट बोटांपर्यंत यायच्या. भर वैशाखात कोट. मी म्हणायचो, मावसाजी, उकडेल. तर म्हणायचे, "उकडू दे ना गा. बाग सरकारी हाये. सरकारी जाग्यात मानसानं नीट जाव." फाटकाशी थांबून ते पाटी मोठ्याने वाचायचे. पाट्या हिंदीत असत. घास पर चलना मना है. फूल तोडना मना है. दुसऱ्या कोणाला अशा पाट्यांचा राग येतो. मावसाजींना त्या वाचून मनापासून आनंद व्हायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला कोपराने ढोसून सांगितलं, "पाह्यलं का? इथं सगळ्यायलेच मनाई हाये. आपल्यालेच नाही." मग गवतावर कोणी चालतंय का म्हणून ते टपून बसायचे. एकदा बूटटायवाला एक ऑफिसर सापडला. मावसाजींनी छत्री उगारून त्याला पाटी दाखवली. तो बिचारा ओशाळून 'माफ करना' म्हणाला आणि टाचा उचलत रस्त्यावर आला. ही हकिकत मावसाजींनी मंगरूळपीरच्या कचेरीत इतक्यांदा सांगितली, की शेवटी गोष्टीत ते कोट घालायला लागले की लोक पांगायचे.

बागेतल्या प्रत्येक बाकावर ते एकदा बसायचेच. थोडं टेकायचं, हाताने फळी चाचपायची, उठायचं, पुढचं बाक. थकले म्हणून नव्हे. बाक राहून गेलं तर त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. कालव्यावर गेले की काठाने चालत राहायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, हा कोणाच्या मालकीचा. सरकारचा, असं उत्तर आलं की "म्हंजे आपला" म्हणून पुढे निघायचे, आणि थोड्या अंतरावर पुन्हा दुसऱ्याला तेच विचारायचे. माझ्या बायकोने एकदा सहज म्हटलं, मावसाजी, आज गुलाब फुललेत म्हणे मोठ्या बागेत. ते म्हणाले, "असतीन." सकाळीच ते त्या वाफ्याला वळसा घालून आले होते.

कारण त्यांचा सगळा जीव बागेतल्या नळांत अडकलेला. त्या शहराच्या बागांतले नळ वेगळ्या तऱ्हेचे होते. सिमेंटचा छोटा ओटा, त्यावर लोखंडी खांब आणि खांबाला बोंडासारखी दांडी. दांडी दाबून धरली की पाणी, सोडली की बंद. पाणी वाया जाऊ नये म्हणून आत स्प्रिंग बसवलेली, आणि तीही बऱ्यापैकी टणक. एकट्या माणसाने प्यायचं तर एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्या हाताच्या चुळक्यात येईल तेवढं प्यायचं. मावसाजी तसेच प्यायचे. एक घोट, मग बाही झटकायची, मग जिभेवर घोळवून निकाल द्यायचा. या सेक्टरचं हलकं हाये, त्या सेक्टरचं जरा जड हाये, कालव्याच्या बागेतलं गोड. मी त्यांना समजावून सांगितलं, की सगळ्या शहराला एकाच टाकीतून पाणी येतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "टाकी एक असंन. नळ येगळा हाये ना." गळका नळ दिसला की धोतराचं सूत काढून बांधायचे. त्यामुळे माळी लोकांशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. आम्हा घरच्यांचा मात्र जीव मेटाकुटीला यायचा, कारण हा माणूस जेवायला म्हणून वेळेवर कधी आला नाही.

आता हसू येतं, पण मला ते तेव्हाही पूर्ण येत नसे. मावसाजींच्या कचेरीत दोन शिपाई होते. फायली नेणं, टपाल वाटणं, घंटी वाजली की धावणं हे मावसाजींचं; माठ भरणं आणि पाणी देणं दुसऱ्याचं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी तोंडाने बोललंही नव्हतं. बस, तसं होतं. छप्पन साली मावसाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, गावकीची कामं सोडली, घरातले देव नदीत सोडले, पण गावाला काही कोणी दीक्षा दिली नव्हती. गावची विहीर होती तिथेच होती आणि आमची वस्ती होती तिथेच. घागरी घेऊन बाया विहिरीपासून हातभर लांब बसायच्या. कोणाच्या मनात आलं की वरून ओतायचं. मावसाजींनी दीक्षेनंतर एक नेम केला. दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायचं नाही. जीव गेला तरी नाही. प्यायचं तर स्वतः घेऊन. एका लग्नात उन्हाची भोवंड येऊन पडले, कोणी तोंडाशी लोटा नेला, तर पडल्यापडल्या त्यांनी तो हातातून ओढून घेतला आणि मग प्याले.

आणि मावशी त्यांच्या नेमकी उलट. तिचं माहेर मानोऱ्याकडचं. लहान असताना एकदा फार तहान लागली म्हणून तिने एका शेतातल्या विहिरीत स्वतःच्या हाताने बादली सोडली होती. राखणदाराने त्या हातावर बडगा घातला. हाड गावातल्याच कोणीतरी बसवलं, ते वाकडंच बसलं. उजवं मनगट जन्मभर आत वळलेलं राहिलं. त्या हाताने ती भाकरी थापायची, निंदण करायची, नातवाला मारायचीसुद्धा, पण परक्या जागेतल्या पाण्याला तो हात तिने पुन्हा लावला नाही. प्रवासाला निघाली की घरून भरलेला लोटा बरोबर. लोटा संपला की तिचं ठरलेलं एकच वाक्य, "मले तहान नाही." पुढे माझ्याकडे आली तेव्हा क्वार्टरचा नळ ती बिनधास्त सोडायची, भांडी घासायची, धुणं धुवायची. तो घरचा होता. चार लोकांच्या नळावर मात्र, ती म्हणायची, कोणाचा डोळा कुठून असेल ते सांगता येत नाही.

मावसाजींना त्या शहरातल्या बागांचं एवढं वेड का लागलं, ते आता सांगायला नकोच. एकट्याने येऊन ते दरसाल सगळ्या बागा फिरून जायचे, पण मनात एकच गोष्ट धरलेली. मावशीला इथे आणायचं आणि तिच्या हाताने, त्याच वाकड्या हाताने, चारचौघांत नळ दाबवायचा. मला म्हणाले होते, "एकडाव तिनं दाबला ना, मंग मी मेलो तरी चालते." मी म्हटलं, मावसाजी, नळच आहे तो. ते माझ्याशी तो सगळा दिवस बोलले नाहीत.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. मंगरूळपीरपासून जऊळक्यापर्यंत रस्त्याच्या कडेने माणसं खडी फोडत बसलेली. वस्तीतली विहीर आटली, गावच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि आमच्या बाया हातभर लांबच. पुढच्या उन्हाळ्यात मावसाजींनी रजा टाकली, मावशीला जऊळक्याच्या स्टेशनवरून लहान लाइनीच्या गाडीत बसवलं, अकोल्याला मोठी गाडी धरली आणि दोघं माझ्या दारात उभी राहिली. मावशी नुसती काडी झाली होती. लोटा कोरडा. पाठोपाठ कोट घातलेले मावसाजी, आणि त्यांचं पहिलं वाक्य, "चाल, बाग पाह्यले जाऊ." माझ्या बायकोने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा कुठे मावशीला दोन घास खायला मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू झाली. पुढे कोटवाले मावसाजी, मागे डोक्यावर पदर घेतलेली मावशी, हातात भरलेला लोटा, आणि सुट्टी असली की त्यांच्या मागे मी. मावशीला बाग आवडली. फुलं तिने एकेक करून पाहिली, दोघांच्या वाटची. कारंज्यापुढे ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "एवढं पानी वरतं फेकून राह्यले, अन् कोनी काही म्हनत नाही." पण नळ आला की गाडी अडायची.

"दाब," मावसाजी म्हणायचे.

"मले तहान नाही."

"तहानेचं कोन इचारते तुले? दाबून पाह्य नुसता."

"अवो, तहान नाही तं पानी कायले सांडाव? तुमीच म्हनता ना, वाया घालू नये."

आणि मावसाजी तसं खरंच म्हणायचे. मग त्यांनी डाव टाकला. एका दुपारी तिचा लोटाच घरी लपवला. उन्हातान्हात कालव्याच्या काठाने इतकं चालवलं, की माझे ओठ सुकले. मोठ्या बागेतल्या नळाशी मावशी थांबली. मावसाजींचे डोळे चमकले. मावशीने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला, नळापुढे वाकली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तशीच वाट पाहत राहिली, कोणीतरी दाबेल म्हणून. तिचं ते वाकून थांबणं पाहून मावसाजींचा चेहराच पडला. "मी काय पाटील हाओ का, तुले वरून पाजाले?" ते म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले. शेवटी मी दाबला. मावशी प्याली, तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाली, "त्यायले सांगू नको, पन पानी खरंच गोड हाये."

जायचा आदला दिवस उजाडला. मावसाजींनी दाबायचं नाव काढलं नाही, कोटही घातला नाही. नुसते कालव्याच्या बागेत जाऊन बसले. नळाच्या बाजूच्या बाकावर मावशी, पलीकडच्या बाकावर तोंड फिरवून मावसाजी, आणि मधे मी, दोन्हीकडचा. तेवढ्यात एक बाई आली. वयस्कर, जाडजूड, कपाळभर कुंकू, हातात पितळेची पूजेची थाळी. देवळातून परत निघालेली असावी, उन्हाने लालबुंद झाली होती. थाळी तिने ओट्यावर ठेवली, एका हाताने नळ दाबून दुसऱ्या हाताने प्यायला गेली, तर पाणी सगळं कोपरावरून लुगड्यावर. दोनदा तसंच झालं. मग ती मावशीकडे वळून म्हणाली, "अम्मा, जरा दबाके रखोगी?"

मावशी उठली. नळापर्यंत गेली आणि थांबली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि स्वच्छ आवाजात बोलली, "बाई, आमी बुद्ध हाओ. पह्यले महार होतो." पलीकडच्या बाकावर मावसाजींची मान गर्रकन वळली. त्या बाईने मावशीकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, मग नळाकडे. "समझ गई, अम्मा," ती म्हणाली. "प्यास लगी है. दबाओ."

मावशीने दांडीवर हात ठेवला. उजवाच. बाई वाकली, ओंजळ केली आणि पिऊ लागली. पोटभर प्याली, तोंडावर मारलं, मानेला लावलं, पुन्हा प्याली. काही घाई नाही. मावशी दाबून उभी. तिचं तोंड असं घट्ट मिटलेलं, की रागावली आहे की रडणार आहे ते मला कळेना. बाईने थाळीतला खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि निघून गेली. मावशीने तरी दांडी सोडली नाही. पाणी ओट्यावरून वाहत वाफ्यात गेलं. थेंबाथेंबाला दरडावणारे मावसाजी ते बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मावशी त्यांना म्हणाली, "या, तुमी बी पेऊन घ्या." मावसाजी आपल्या नेमात अडकले होते, की त्यांना बोलवतच नव्हतं, मला सांगता येत नाही. मान हलवून ते एवढंच म्हणाले, "मले तहान नाही."

परत येताना त्यांनी रस्ताभर तिला विचारलं, कसं वाटलं, सांग ना कसं वाटलं. मावशी म्हणाली, "हात दुखला." बस. मावसाजी चिडले. एवढा मोठा दिवस आणि हिला सांगायला हेच मिळालं. रात्री जेवताना माझ्या बायकोला म्हणाले, "या बाईपुढं सोनं ठेवलं तरी म्हनन, जड हाये." मावशी हसली आणि खोबऱ्याचा तुकडा वाटून सगळ्यांच्या ताटात टाकला.

मी म्हटलं, पाऊस पडेपर्यंत राहा. मावसाजींची रजा संपली होती, पण मावशीला तरी ठेवा म्हटलं. ती नाही म्हणाली. सून गरोदर होती, खडीवर जात होती, पाणी कोण आणणार. जाताना तिने माझ्या नळावर लोटा काठोकाठ भरून घेतला.

पाऊस यायच्या आधीच तार आली. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. टँकर चार दिवस फिरकला नव्हता. वस्तीतल्या बायांनी नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरला, त्यात जे गढूळ पाणी पाझरायचं ते वाटी वाटी भरून आणत. त्यानेच हगवण लागली. वस्तीत बरेच आजारी पडले, काही गेले, त्यांत मावशी गेली. मंगरूळपीरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली होती, ती अर्ध्या वाटेवरून परत आणली. मावसाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून म्हणाले, "पानी वंगाळ होतं गा." मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. राग कोणावर काढावा, ते तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

मला वाटलं, मावसाजी आता बागेचं नाव काढणार नाहीत. पण पुढल्या उन्हाळ्यात ते कोट घालून हजर. आता मात्र फेरी नाही, बाकं नाहीत, पाट्या वाचणं नाही. सरळ कालव्याच्या बागेत जायचं आणि नळाशी उभं राहायचं. कोणी प्यायला आलं की ते दांडीवर हात ठेवायचे आणि आधी सांगायचे, "आमी बुद्ध हाओ. प्या." मग दाबायचे. लोक चक्रावायचे. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचा कोणता पंथ असेल. काहींना वाटलं, सरकारने माणूस नेमलाय. बहुतेक जण हसून प्यायचे. एखादा तसाच मागे फिरायचा, तेव्हा मावसाजी त्याला अजिबात न रागावता दुसऱ्या फाटकाकडे बोट दाखवायचे. "तिकडच्या नळावर कोनी नाही. तिथं पे." मला लाज वाटायची, मी समजावून पाहिलं, बायकोने समजावलं. ते म्हणायचे, "मी कोनाले थांबवतो का? मी तं पाजून राह्यलो." असे ते दोन-तीन उन्हाळे आले.

शेवटच्या खेपेला मी त्यांना घ्यायला संध्याकाळी बागेत गेलो. दिवसभर गर्दी होती म्हणे. मावसाजी ओट्यावर बसून उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने चोळत होते. मी म्हटलं, चला, उशीर झाला. ते हलले नाहीत.

"लय टनक हाये रे हे," ते म्हणाले. "पह्यले मी आपला एका घोटापुरता दाबत होतो. मले कवा समजलंच नाही." ते पुन्हा मनगट चोळू लागले. "ती बाई केवढा वेळ पेत होती, तुले आठवते ना? अन् हिचं मनगट तसलं. मले वाटे, बोलाले बोलली, हात दुखला म्हनून. दुखलाच असंन रे. लय दुखला असंन. पन सोडला नाही."

मी त्यांचा हात धरून उठवायला गेलो, तर ते नळासमोर सरकले. छत्री खाली ठेवली, कोटाच्या लांब बाह्या वर सारल्या आणि माझ्याकडे न बघता वाकले. दोन्ही हातांची ओंजळ केली.

"दाब," मावसाजी म्हणाले. "तहान लागली मले."

मी दांडी दाबली आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत धरून ठेवली.